वाढले की नमतात

आमच्या घरातल्या पुरुषांचे केस जाड, काळे आणि काडीसारखे सरळ. आजोबांनी ऐंशी ओलांडली तरी त्यांच्या टाळूवर हात ठेवला की ब्रशवर ठेवल्यासारखा लागायचा. १९५६ पूर्वी, नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती त्या काळात, ते तिथून गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला लागून जबलपूरला आले आणि इथलेच झाले. त्यांच्याकडून माझ्याकडे दोन गोष्टी आल्या: घरात बोलायची मराठी आणि हे केस. तिशी उलटेपर्यंत मी या केसांशी भांडत होतो. गेली सहा वर्षं अंडरकट ठेवतो. म्हणजे बाजूचे आणि मागचे केस मशीनने अगदी बारीक, वरचे लांब, आणि दोन्हींच्या मध्ये उतार नाही, सरळ पायरी. या सहा वर्षांत जे कळलं ते लिहून ठेवतो.

१. दाट, सरळ केस कापून नमत नाहीत, वाढून नमतात.

हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं असतं तर माझी पाच-सात वर्षं वाचली असती. असा केस तीन-चार सेंटीमीटरचा असतो तेव्हा तो मुळापासून सरळ उभा राहतो, कारण त्याला वाकवायला स्वतःचं वजन पुरत नाही. तोच दहा-बारा सेंटीमीटरचा झाला की आपल्याच भाराने मागे झुकतो. आपण मात्र उलट करतो. केस उभे राहतात म्हणून ते अजून बारीक करायला सांगतो, आणि ते अजून ताठ उभे राहतात.

त्यात विरळ करायची दातेरी कात्री. जबलपूरच्या कुठल्याही खुर्चीत बसलो की पहिला प्रश्न तोच: “काय बड्डे, बहुत घने हैं, हल्के कर दूँ?” पहिला अंडरकट मी एका चकचकीत सलूनमध्ये केला आणि या प्रश्नाला हो म्हणालो. कारागिराने ती कात्री मुळाशी चालवली. दिवसभर छान वाटलं. दोन आठवड्यांनी मुळाशी कापलेले ते आखूड केस वाढायला लागले आणि वरच्या लांब केसांना खालून ढकलायला लागले, गवताच्या गंजीखाली कुणी काड्या उभ्या कराव्यात तसे. अख्खं डोकं फुगलं. ते सावरायला पाच महिने लागले. भार कमी करायचाच असेल तर तो टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात करावा. मुळाला हात लावू देऊ नये.

२. पायरी कुठे पाडायची हे कंगवा सांगतो.

कानाच्या वर कंगवा डोक्याला सपाट टेकवून उभा धरा. जिथे डोकं आत वळतं आणि कंगवा सुटा होतो, ती जागा बोटाने धरून ठेवा. रेघ तिथेच पडली पाहिजे. तिच्या खालचे केस आडवे वाढतात आणि आपले केस कानावर छत्रीसारखे निघतात ते त्यांच्यामुळे. रेघ खाली राहिली तर ती छत्री तशीच राहते. फार वर गेली तर डोक्यावर नुसता पट्टा उरतो आणि चेहरा लांबुळका दिसतो.

३. भोवरा आधी दाखवा.

माझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं आजी लहानपणी माझं डोकं पुसताना म्हणायची. लग्न एकच झालं, पण त्या दोन भोवऱ्यांना मी आजही सांभाळून असतो. तिथे केस गोल फिरत उगवतात, आणि आखूड झाले की मोराच्या तुऱ्यासारखे उभे राहतात. म्हणून मागची रेघ भोवऱ्याच्या बरीच खालून घ्यावी आणि भोवऱ्यावरचे केस निदान सहा सेंटीमीटर ठेवावेत. केस ओले केले की भोवरा दबतो आणि न्हाव्याला दिसत नाही. त्यामुळे पाणी मारण्याआधी, कोरड्या डोक्यावर स्वतः बोट ठेवून दाखवायचा.

४. “छोटा कर दो” म्हणू नये, नंबर सांगावा.

मशीनच्या एक नंबरच्या फणीने तीन मिलिमीटर केस राहतात, दोनच्या फणीने सहा, तीनच्या फणीने साधारण दहा. आपल्या केसांना दहा मिलिमीटर जास्तच होतात, सुयांसारखे बाहेर येतात. मी बाजूला एक आणि मागे दीड सांगतो. झिरो दोनदा करून पाहिला. काळ्या केसांखालची गोरी कातडी एकदम उघडी पडते आणि वरचे केस टोप घातल्यासारखे दिसतात.

त्या पहिल्या चकचकीत अनुभवानंतर सलून बदलायचं ठरवलं तेव्हा मी छावणीतल्या सदर बाजारात गेलो. जबलपूर छावणीचं शहर. ग्रेनेडियर्सचं केंद्र इथे, जम्मू-काश्मीर रायफल्सचं इथे, सिग्नलवाल्यांचं प्रशिक्षण इथे. ज्या चाचांकडे मी जातो त्यांचा हात सोल्जर कट करून करून तयार झालेला आहे. कानामागचा वळसा ते मशीन उलटं धरून एका झटक्यात घेतात. युरोपातही अंडरकट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सैनिकांच्या आणि कामगारांच्या डोक्यावर होता. २०१३ मध्ये ‘पीकी ब्लाइंडर्स’ मालिका आली, पुढच्या वर्षी ‘फ्युरी’मध्ये रणगाड्यावरचा ब्रॅड पिट दिसला, आणि तो पुन्हा जगभर पसरला. मी चाचांना फोटो दाखवला तेव्हा ते म्हणाले, “ये तो फ़ौजी है, बस ऊपर छुट्टी पे गया है.” इतकी नेमकी व्याख्या मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

५. घरच्यांना पाहू द्या, त्यांना काहीतरी आठवतं.

पहिला अंडरकट करून आलो त्या दिवशी आईने जेवताना माझ्याकडे बघणं टाळलं. बाबा म्हणाले, ऑफिसात चालतं का हे? आजोबांनी मात्र मला जवळ बोलावलं, कानावरून मागेपर्यंत उलटा हात फिरवला आणि म्हणाले, “अरे, हा तर घेरा आहे.”

मला घेरा माहीत नव्हता. त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील नागपूरला दर पंधरवड्याला अंगणात पाटावर बसून डोकं करून घ्यायचे. न्हावी सगळ्या कडेने वस्तरा फिरवायचा आणि मधे केसांचा गोल राखायचा, तो घेरा. त्यातून शेंडी. गोल वाकडा गेला तर ते आरसा खाली ठेवायचे आणि काही न बोलता पुन्हा बसायचे. मी परदेशातून आलेली फॅशन म्हणून जे करून आलो होतो, त्याचं पणजोबांच्या डोक्याशी काही नातं निघेल असं वाटलं नव्हतं. आकार वेगळा, कारण वेगळं, पण कडेला साफ आणि मधे राखलेलं, ही रीत आमच्या घरात आधीपासून होती. त्या दिवसापासून आजोबा माझ्या कटला घेराच म्हणायचे.

६. केस बसवायचं काम नव्वद टक्के ड्रायरचं, दहा टक्के वॅक्सचं.

केस ओला असतो तेव्हा त्याच्या आतले काही बंध सुटलेले असतात. तो ज्या आकारात वाळेल, तो आकार धरतो. म्हणून न्हाल्यावर पंख्याखाली वाळवले की हातचा डाव गेला. टॉवेलने टिपून केस दमट ठेवायचे. मग आधी उलट्या दिशेने, म्हणजे मागून कपाळाकडे, ड्रायर मारायचा, म्हणजे मुळं उचलली जातात. नंतर कंगव्याने मागे ओढत वाळवायचे. शेवटचं अर्धं मिनिट थंड हवा. हे अर्धं मिनिट सोडू नये, आकार थंड होतानाच पक्का होतो.

वॅक्स हरभऱ्याएवढं, चकाकी नसलेलं. तळहातावर पूर्ण विरघळेपर्यंत चोळायचं आणि सुरुवात भोवऱ्यापासून करायची. समोरच्या बटांना शेवटी, हातावर राहिलेलं. बहुतेक जण पहिला हात समोर मारतात आणि तिथेच केस तेलकट होऊन खाली येतात.

७. जबलपूरचा ऋतू बघून वागा.

मे महिन्यात इथे लू चालते आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या मानेची, कानामागची कातडी दोन दिवसांत भाजते. गमछा गुंडाळा. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला दमटपणाच केसांना पुन्हा ओलं करतो आणि सकाळी बसवलेला आकार रसल चौक येईपर्यंत मोडतो. त्या दोन महिन्यांत मी भांग पाडतो आणि आग्रह सोडतो. हेल्मेटला पर्याय नाही. खिशात कंगवा ठेवावा, पोहोचल्यावर दोन थेंब पाण्याचा हात फिरवावा.

८. बाजू दर तीन आठवड्यांनी, वरचे केस दोन महिन्यांनी.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे तीन आठवड्यांत पायरी पुसली जाते. हा खर्च आधीच धरावा. आणि मानेवर वस्तरा लागायच्या आधी नवं ब्लेड आपल्यासमोर मोडायला सांगावं. दुसऱ्याला लागलेल्या पात्यातून कावीळ बी आणि सी येऊ शकते. चाचा न सांगता मोडतात. इतरत्र मी सांगतो, आणि त्यात संकोच धरत नाही.

९. शून्यापासून वाढवायची वेळ आली तर बाजू वाढू देऊ नका.

तीन वर्षांपूर्वी आजोबा गेले. दहाव्या दिवशी ग्वारीघाटावर बाबांचं क्षौर झालं, त्यांच्याशेजारी मीही बसलो. नर्मदेचं पाणी थंड होतं आणि वस्तऱ्याचा आवाज कानाच्या अगदी जवळून येत होता.

दुसऱ्या महिन्यात केस साळिंदरासारखे झाले. सगळे एकसारखे वाढवावेत असं वाटत होतं. चाचांनी ऐकलं नाही. दर महिन्याला ते मला खुर्चीत बसवायचे, बाजू आणि मान एक नंबरने साफ करायचे आणि वर कात्री लावायचे नाहीत. चौथा आणि पाचवा महिना सगळ्यात कठीण, केस टोपीतही मावत नाहीत. सातव्या महिन्यात समोरची बट कपाळावर आली. दहाव्या महिन्यात, एका सकाळी कंगवा मागे ओढला आणि केस तिथेच राहिले, उठले नाहीत.

त्या दिवशी चाचांनी पायरी पुन्हा नीट पाडून दिली. घरी आलो तेव्हा बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा वर सरकवला, मला वळायला सांगितलं, कानावरून मागेपर्यंत उलटा हात फिरवला.

“आला परत घेरा,” ते म्हणाले.