भाऊसाहेब परत आलेत म्हणे!

‘राऊ’च्या पुढचं कुणी लिहिलंय का, हे तू मला विचारलंस कुठं, तर कॅन्टीनच्या रांगेत, ताट हातात धरून. मागं दहाजणी उभ्या, आमटी वाढणारा डाव धरून खोळंबलेला. तिथं काय कपाळ सांगणार? म्हणून आता सवडीनं सांगते. ऐक, आणि दर वाक्याला ‘पण ताई’ करू नकोस.

लिहिलंय गं. पण बरंचसं ‘राऊ’ लिहिणाऱ्यानं नाही, आणि तुला हवं तसं तर मुळीच नाही.

ना. सं. इनामदारांचं ‘राऊ’, म्हणजे बाजीराव-मस्तानीची गोष्ट, १९७२ चं. तू त्याच्याकडे वळलीस ती भन्साळींचा २०१५ चा सिनेमा बघून. असू दे, त्यात लाजायचं काय? आमच्या वेळच्या कितीतरी जणी दूरदर्शनवर रमा-माधव बघूनच ‘स्वामी’ मागायला वाचनालयात गेल्या होत्या. तुझं दुखणं वेगळंय. तूही करवीर नगर वाचन मंदिरातनं ‘स्वामी’ आणलंस, शंभरेक पानं वाचलीस आणि फणकारलीस, ‘ह्यात मस्तानी कुठाय?’

नाहीच ती. ‘स्वामी’ लिहिलं रणजित देसाईंनी, आपल्याच जिल्ह्यातले, चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. आणि ते आलं १९६२ साली, ‘राऊ’च्या दहा वर्षं आधी. गोष्ट पुढची, पुस्तक आधीचं. आता त्यातला नायक बघ. माधवराव म्हणजे नानासाहेबांचा मुलगा. आणि मस्तानीला कैदेत टाकलं ते बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पा आणि बाजीरावांचा मुलगा, म्हणजे हेच नानासाहेब, ह्यांनी. तू मस्तानीसाठी रडून उठलीस आणि तशीच त्याच घरातल्या दुसऱ्या जोडप्याच्या दारात जाऊन उभी राहिलीस. तिथं तुला माया कशी वाटावी? देसाईंचं लक्ष रमाबाईंवर, थेऊरच्या गणपतीवर, क्षयानं खंगत चाललेल्या त्या तरुण पेशव्यावर. तुझी माणसं त्यांची माणसं नव्हती.

दुसऱ्या हातचं पुढचं पुस्तक उघडताना हे आधी मनाशी घोकून ठेवायचं. लिहिणाऱ्याचा जीव दुसऱ्याच कुणावर तरी जडलेला असतो. त्यावरनं रुसून उपयोग नाही. त्याचा जीव कुणावर जडलाय एवढं हुडकायचं, की पुस्तक आपोआप उलगडायला लागतं. ‘स्वामी’ परत उघड, पण ह्या वेळी मस्तानीला घरी ठेवून जा. एक मात्र सांगते, शेवटी रमाबाई सती जातात तिथं भारावून जाऊ नकोस. भाषा इतकी देखणी आहे की चितासुद्धा देवघरासारखी वाटायला लागते. मी विशीत हरखले होते. आता ती पानं आली की मला त्या पोरीचं वय आठवतं.

अमेरिकेत दुसऱ्याचं पुस्तक पुढं लिहायची हौस फार. मार्गारेट मिचेल नावाची बाई होती अटलांटाची. तिची ‘गॉन विथ द विंड’ १९३६ ची. शेवटी नायक ऱ्हेट घर सोडून जातो, आणि नायिका स्कार्लेट ठरवते की उद्या बघू काय ते. लोकांनी तिला सळो की पळो करून सोडलं, ‘तो परत येतो का सांगा!’ तिनं पुढचा भाग लिहिला नाही तो नाहीच, आणि १९४९ मध्ये रस्त्यात मोटारीच्या धडकेनं गेली. मग तिच्या वारसांच्या मान्यतेनं अलेक्झांड्रा रिपली ह्या लेखिकेनं १९९१ मध्ये ‘स्कार्लेट’ लिहिलं. जाणकारांनी धू धू धुतलं आणि लोकांनी ढिगांनी विकत घेतलं. स्कार्लेट त्यात आयर्लंडला जाते काय, शेवटी दोघांची गाठ पडते काय! पुढं २००७ मध्ये डोनाल्ड मॅकेग ह्यांनी ऱ्हेटच्या बाजूनं तिसरंच पुस्तक लिहिलं, तेही वारसांच्याच संमतीनं, आणि त्यात रिपलीबाईंनी जे घडवलं होतं ते सगळं सोडून दिलं. म्हणजे दोन जोडकामं, दोन्हींवर वारसांचा शिक्का, आणि दोन्हींची तोंडं दोन दिशांना.

आपल्याकडे पेशव्यांचं तसं नाही. बाजीराव-मस्तानी कुणा एका लेखकाचे नाहीत, त्यामुळं कुणाची परवानगी लागत नाही. ज्याला जिथनं वाटेल तिथनं तो धागा उचलतो. एरवी कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं पुस्तकाचे हक्क वारसांकडे असतात. इतिहासाला वारस सगळेच, म्हणून भांडणंही सगळ्यांची.

ह्या धाग्यावरनं तुझ्या रोजच्या कामातलं आठवलं. लूमवर बीम संपत आला की काय करतात? जुन्या ताण्याच्या टोकाला नव्या बीमचा एकेक धागा गाठ मारून जोडतात. हजारो धागे. आपल्याकडे मशीन करतं, इचलकरंजीला माझा मामा हातानं करायचा. पाठीचं पार धनुष्य झालं होतं, पण गाठ अशी मारायचा की फणीतनं सुळकन पलीकडे. तरीही जोडाची पट्टी कापून बाजूलाच काढतात, आणि पुढचं कापड तुझ्या मेंडिंगच्या टेबलावर येतं. सूत दुसऱ्या काउंटचं, म्हणजे कमीजास्त जाडीचं, असलं तर तुला चष्म्याशिवाय कळतं. डोळ्यांआधी हाताला कळतं. पुस्तकाचं तसंच. तीच माणसं, तोच वाडा, नावंगावं सगळी बरोबर, तरी चार पानं वाचली की हात सांगतो, सूत बदललं. फरक इतकाच, की पुस्तकातली जोडाची पट्टी कापून टाकायला कुणी नसतं. ती आपण वाचायची.

आणि सूत बदललंय हे जो उघड सांगतो, त्याला मी तरी माफ करते. बाणभट्टाची ‘कादंबरी’ माहीत आहे ना, निदान नावानं? सातव्या शतकातला कवी, हर्षवर्धनाच्या दरबारातला. प्रेमकथा ऐन भरात आलेली. पत्रलेखा नावाची सखी नायक चंद्रापीडाला नायिका कादंबरीच्या विरहाची अवस्था सांगत असते, आणि तिथंच गोष्ट तुटते. बाण वारला. पुढचा भाग त्याच्या मुलानं, भूषणभट्टानं लिहिला. कुणी त्याला पुलिंद म्हणतात. सुरुवातीलाच त्यानं सांगून टाकलंय की वडील गेले, त्यांच्याबरोबर कथेचा धागा तुटला, ती अपुरी राहिल्याचं चांगल्या माणसांना दुःख होतं म्हणून मी हे करतोय, कवी म्हणून मिरवायला नव्हे. वडिलांची ती लांबलचक, दागिन्यांनी मढलेली वाक्यं त्याला तशी जमली नाहीत असं पंडित म्हणतात. न जमू देत. त्यानं प्रेमिकांची भेट घडवली, आणि पोरगा असल्याचं लपवलं नाही.

मला मनापासून आवडतात ती मात्र वेगळी पुस्तकं. पहिल्या लेखकानं ज्याला कोपऱ्यात उभं केलं, त्याचा हात धरून जी पुढं आणतात ती. ‘जेन एअर’ ही १८४७ ची इंग्रजी प्रेमकथा, त्यात नायकाची पहिली बायको माडीवर कोंडलेली असते, वेडी म्हणून. डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हीस ह्या लेखिकेला त्या कोंडलेल्या बाईचं काही केल्या सोसेना. तिनं १९६६ मध्ये ‘वाइड सरगॅसो सी’ लिहून त्या बाईचं तरुणपण सांगितलं. ही गोष्ट पुढची नाही, मागची. पण ती वाचल्यावर ‘जेन एअर’मधला तो माडीचा जिना तू पहिल्यासारखा चढूच शकत नाहीस.

आपल्याकडे तसं पोर आहे, बघ. मस्तानीचा मुलगा. १७४० मध्ये बाजीराव रावेरखेडीला नर्मदेकाठी गेले, मस्तानीही त्याच साली गेली, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. मुंज करू दिली नव्हती. नाव समशेर बहाद्दर. पेशव्यांच्या घरातच वाढला, पेशव्यांसाठी लढला, आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जखमी होऊन, सूरजमल जाटाच्या मुलखापर्यंत पोचून तिथं गेला. सत्तावीस वर्षांचा. ज्या घरानं आईला कोंडलं त्याच घरासाठी. ‘राऊ’च्या पुढचं म्हणून तुला जे हवंय ना, ते हे आहे. विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ घे, १९८८ चं. समशेर कुठं कुठं दिसतो तिथं पेन्सिलनं बारीक खूण कर. वाचनालयाच्या प्रतीवर नको, माझ्या प्रतीवर कर.

आणि मग ‘शिकस्त’. हे पुन्हा इनामदारांचं, १९८३ चं. पाटलांचं ‘पानिपत’ मिटून इनामदारांचं ‘शिकस्त’ उघडलंस की दुसऱ्याच लेखकाच्या हातचा पुढचा भाग वाचल्यासारखं होईल, आणि तोसुद्धा पाच वर्षं आधीच लिहिलेला! आपल्याकडे हे असंच. ‘शिकस्त’ पार्वतीबाईंचं. सदाशिवरावभाऊंच्या ह्या बायको स्वतः पानिपतावर गेल्या होत्या आणि जीव वाचवून परत आल्या. भाऊसाहेब आले नाहीत. सापडलेला देह त्यांचाच की नाही ह्यावर कुजबुज राहिली, आणि बाईंनी ते गेले असं मानलंच नाही. कुंकू पुसलं नाही. १७८३ मध्ये वारल्या, म्हणजे बावीस वर्षं गं.

आणि मधे काय झालं माहीत आहे? भाऊसाहेब परत आलेत म्हणे! उत्तरेतला कुणी एक माणूस, चेहरेपट्टी जुळणारी, ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. लोक हसले असतील असं वाटतं ना? छे. रत्नागिरीचा किल्लेदार त्याला फितला, फौज जमली, कोकणात किल्ले त्याच्याकडे गेले. १७७६ मध्ये पकडून पुण्यात त्याला देहदंड दिला. न. चिं. केळकरांनी त्याच्यावर ‘तोतयाचे बंड’ नाटकसुद्धा लिहिलं. मला त्या तोतयापेक्षा त्याच्यामागं गेलेल्या माणसांचं नवल वाटतं. काही लबाड असतील, पुण्याच्या कारभाऱ्यांवर राग असणारे असतील. पण कितीतरी जणांना तो शेवटच नको होता. पानिपत असं संपू नये असं ज्यांना आतून वाटत होतं, त्यांनी मिळाला तो पुढचा भाग पदरात घेतला. कोण लिहितोय हे विचारलं नाही.

‘स्कार्लेट’ विकत घेणाऱ्या लाखो बायका आणि ती कोकणातली माणसं मला एकाच घरातली वाटतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. मीसुद्धा त्याच घरातली.

आता तू ऐकलंस तेवढं खूप झालं, जरा तुझ्याकडे वळते. तू रागावणार, रागाव. ‘पुढं काय झालं, पुढं काय झालं’ हे तुझं पालुपद पुस्तकामुळं सुरू झालेलं नाही. तुझा तो चाकणला बदली घेऊन गेला तेव्हापासनं आहे. इथं आपल्या एमआयडीसीचं नाव पंचतारांकित, म्हणून माझी मावससासू अजून विचारते, ‘सूनबाई हॉटेलात लागली काय?’ पण गाव म्हणशील तर एवढंसं. लक्ष्मी टेकडीपासनं गेटपर्यंत कोण कुणाच्या बसमध्ये बसतं हे सगळ्यांना ठाऊक. तेव्हा मला माहीत नाही असं समजू नकोस.

तो गेला, फोन कमी झाले, मग थांबले. बरं. पण गेले काही महिने त्याचा तो दोस्त, डिस्पॅचमधला, येऊन तुला सांगतो, ‘अजून तुझंच नाव काढतोय,’ ‘दिवाळीला येणार म्हणतोय,’ ‘घरच्यांना सांगणार म्हणतोय.’ आणि तू दोन दिवस हवेत. मला त्या पोरावर संशय घ्यायचा नाही, मनानं बरा असेल. तुझं तोंड पडलेलं बघवत नसेल म्हणून चार शब्द पदरचे घालत असेल. त्याचा स्वतःचाच काही डाव असेल, तर ती आणखी वेगळी कादंबरी. पण लेकी, हा पुढचा भाग कोण लिहितंय? ज्यानं सुरुवात केली त्याच्या हातचं ह्यात एक अक्षर तरी आहे का? काउंट बदललेला तुला हाताला कळतो, आणि इथं मात्र तू चष्मा काढून ठेवलायस.

वाट बघू नको असं मी म्हणत नाही. वाट बघणाऱ्या बाईला शहाणपण शिकवायला मी कोण? आणि आई स्थळं बघतेय, तिकडंही डोळे झाकून मान हलवू नकोस. तो आणखी एका तिसऱ्याच लेखकाचा भाग.

तू असं कर. त्या दोस्ताला सांग, ‘निरोप आणू नकोस, त्यालाच बोलू दे.’ आणि सुट्टीच्या दिवशी, जेवण झाल्यावर, घरात गलका नसताना, त्याला तूच फोन लाव. मेसेज नको, फोन. ‘येणार आहेस का, आणि घरी सांगणार आहेस का,’ एवढे दोनच प्रश्न. रडू नकोस, आणि उत्तरं त्याच्या जागी तू देऊ नकोस. तुला ती सवय आहे. तो गप्प बसला तर तूही गप्प बस, आणि किती वेळ गप्प बसतोय ते बघ. हवं तर माझ्याकडे येऊन लाव. मी आत भाकरी थापत बसेन. कान देणार नाही असं मात्र कबूल करत नाही.

येताना ‘स्वामी’ची मुदत वाढवून आण, दंड बसेल. ‘पानिपत’ माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे. ‘शिकस्त’ सध्या जावेकडे आहे, तिच्याकडनं मागून घ्यावं लागेल, आणि ती पुस्तक द्यायला फार का-कू करते.