दुखत नाही, म्हणूनच दाखवा

प्रश्न : वय 29. दोन महिन्यांपासून उजवं वृषण कडक, जड लागतं, दुखत नाही. सूज समजून अँटिबायोटिक घेतलं, फरक नाही. घरी कसं सांगू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : दुखत नाही म्हणून तुम्ही थांबलात, आणि मला नेमकं तेच खटकतं. वृषणाचा कर्करोग बहुधा न दुखता वाढतो, तोही ऐन तारुण्यात. अर्थात प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. हायड्रोसीलमध्ये पाणी असतं. टॉर्च धरली की उजेड आरपार दिसतो. पण ट्यूमरभोवतीही पाणी साठू शकतं, तेव्हा टॉर्चवर भिस्त नको. जंतुसंसर्गात बहुधा ठणका, ताप, लघवीला जळजळ असते. क्षय मात्र चकवतो: तीही गाठ कडक, फारशी न दुखणारी, फक्त ती सहसा वृषणामागच्या नळीत सुरू होते.

याच आठवड्यात युरॉलॉजिस्टना दाखवून डॉप्लरसह सोनोग्राफी करा, एम.वाय. रुग्णालयात गेलात तरी चालेल. सोबत रक्तातले एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच हे ट्यूमर मार्करही तपासा. हे नॉर्मल आले तरी निश्चिंत होऊ नका. सेमिनोमा या वृषणाच्या कर्करोगाच्या प्रकारात एएफपी वाढतच नाही. गाठीत सुई मात्र टोचू देऊ नका, पेशी पसरण्याची भीती असते. शंका पक्की झाली तर जांघेतून छेद घेऊन वृषण काढतात आणि निदान पॅथॉलॉजीत होतं. वीर्य साठवण्याचं आधीच विचारून ठेवा.

हा कर्करोग पहिल्या टप्प्यात सापडला तर शंभरातले 95हून अधिक रुग्ण बरे होतात. घरी सांगताना आधी हा आकडा सांगा.