पैसे कोणत्या भागावर खर्चावेत?

संगणकावरील खेळ अडखळू लागला, की ‘नवे ग्राफिक्स कार्ड घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. थांबा! आधी एक प्रयोग करा. चित्रांची गती पडद्याशी बांधणारी ‘व्ही-सिंक’ सोय बंद करून चित्राचे माप १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणा. आता प्रत्येक चित्रात २०,७३,६०० ऐवजी ९,२१,६०० च बिंदू रंगवायचे. तरीही दर सेकंदाला पडणारी चित्रे वाढली नाहीत, तर अडचण बहुधा प्रोसेसरची. कार्ड बिचारे त्याची वाट पाहत बसलेले असते!

चित्रफितीच्या संपादनात मात्र आधी रॅम पाहावी. ती भरली, की संगणक कितीतरी मंद असलेल्या डिस्कवर माहिती ठेवू लागतो आणि दोन दृश्यांचा साधा जोडही रखडतो.