आंब्याचा भिरूड आणि त्याचे नैसर्गिक शत्रू



कोकणातील आंबाबागेत वीस-पंचवीस वर्षांचे भरघोस कलम एखाद्या वर्षी पिवळे पडू लागते. एकेक फांदी वाळते आणि शेवटी झाड उभ्याउभ्या मरते. पाणी कमी पडले, खत कमी पडले, अशी कारणे आपण शोधत राहतो. खरा शत्रू मात्र खोडाच्या आत बसलेला असतो. तो म्हणजे भिरूड.

भिरूड ही लांब मिशांच्या एका मोठ्या भुंगेऱ्याची अळी होय. मादी सालीला चिरा पाडून त्यांत अंडी घालते. अळी साल पोखरून लाकडात शिरते, महिनोन्‌महिने आतच खाते आणि तेथेच कोषात जाते. अन्नरसाच्या वाटाच तुटल्यावर बुंध्याशी घातलेले खत काय कामाचे?

वरून केलेली फवारणी लाकडात पोचत नाही. म्हणून छिद्रात विषारी औषधाचा बोळा घालून ते चिखलाने लिंपण्याची रीत पडली. त्यासाठी वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. त्याची वाफ माणसालाही बाधते, आणि बोळा भरणारा मजूर आपलाच माणूस असतो.

मग उपाय कोणता? १८७९ मध्ये मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञाने गव्हावरील भुंगेऱ्यांना मारणाऱ्या हिरव्या बुरशीचा अभ्यास केला. तीच आजची मेटारायझियम. तिचे बीजाणू किडीच्या अंगाला चिकटतात, रुजतात, कातडी भेदून आत वाढतात आणि काही दिवसांत कीड मरते. उन्हाने हे बीजाणू मरतात. ओल आणि सावली त्यांना मानवते. भिरुडाचे बीळ नेमके तसेच असते. ज्या बिळाने तो फवारणीपासून वाचतो, तेच बीळ त्याच्या शत्रूला आसरा देते! काही सूक्ष्म सूत्रकृमीही असेच आहेत. ते स्वतः सरपटत अळीपर्यंत जातात, तिच्या शरीरात शिरतात आणि आपल्या पोटातील जिवाणू तेथे सोडून तिला मारतात.

तथापि हे मित्र उशिरा बोलावून उपयोग नाही. खोड आतून पोकळ झाल्यावर अळी मेली तरी झाड सावरत नाही. यासाठी आम्ही एवढेच सुचवितो:

१) बुंध्याशी भुसा पडलेला दिसतो का, सालीतून डिंक गळतो का, हे नियमित पाहावे.
२) छिद्र सापडताच तारेच्या आकड्याने अळी ओढून काढावी.
३) नंतर बुरशीचे ताजे द्रावण, पाकिटावरील प्रमाणानुसार, सायंकाळी छिद्रात सोडावे. त्यात बुरशीनाशक मिसळू नये.
४) मेलेले झाड बागेत ठेवू नये. तोडून जाळावे, नाहीतर त्यातूनच नवे भुंगेरे निघतील.

या उपायाला पैसा थोडा आणि लक्ष फार लागते. बुंध्याशी पडलेला चिमूटभर भुसा वेळीच पाहिला, तर वाडवडिलांनी लावलेले झाड आपल्या नातवंडांनाही फळ देईल.