पेंड, कोंडा आणि मळी

मुलांनो, तुम्ही चहा पिता, दही खाता. त्यासाठी गाय किंवा म्हैस दूध देते. पण ती स्वतः काय खाते? नुसत्या कडब्याने तिचे पोट भरते; दुधासाठी मात्र प्रथिने लागतात. म्हणून तिला चाऱ्याबरोबर खुराकही द्यावा लागतो. जनावरे पाळणाऱ्याचा सर्वांत जास्त पैसा यावरच खर्च होतो.

हा खर्च कमी करता येतो. शेंगदाणे किंवा सरकी, म्हणजे कापसाचे बी, दाबून तेल काढतात. मागे जो चोथा उरतो, तीच पेंड. तेल निघून जाते, पण प्रथिने पेंडीतच राहतात. शेंगदाण्याच्या पेंडीच्या १०० भागांत सुमारे ४० भाग प्रथिने असतात. भाताच्या गिरणीत कोंडा उरतो, तर डाळीच्या गिरणीत चुणी उरते. साखर कारखान्यात मळी नावाचा काळा, दाट व गोड द्रव उरतो. मळीमुळे जनावराला शक्ती मिळते आणि ते कोरडा चाराही आवडीने खाते.

पण सावध राहा! सन १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की जातीचे एक लाखाहून अधिक पक्षी मेले. रोग कोणता, ते कोणालाच कळेना. शेवटी शास्त्रज्ञांनी त्यांचे खाद्य तपासले. त्यातील शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी लागलेली होती. त्या बुरशीच्या विषाला 'अफ्लाटॉक्सिन' असे नाव मिळाले. गाईने अशी पेंड खाल्ली, तर विषाचा काही अंश दुधात उतरतो. दूध उकळले तरी तो नाहीसा होत नाही. ते दूध लहान मुलांच्याही पोटात जाते.

म्हणून पेंडीची पोती ओल्या जमिनीवर ठेवू नका. ती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा. पावसाळ्यात जास्त साठा करू नका. कुबट वास आला किंवा बुरशी दिसली, तर ती पेंड जनावराला मुळीच घालू नका. सरकीची पेंड लहान वासरांना देऊ नका. त्यांना ती बाधते. नवा खुराक एकदम न देता थोडा थोडा वाढवत न्या.

कारखान्यात उरलेली वस्तू टाकाऊ नसते. ती नीट पारखून आणि जपून वापरली, तर पैसा वाचतो आणि दूधही निर्भेळ मिळते.

स्वाध्याय
१. पेंड कशी तयार होते?
२. इंग्लंडमधील पक्षी कशामुळे मेले?
३. पेंड साठवताना कोणती काळजी घ्यावी?
४. तुमच्या गावातील किंवा शहरातील गिरणीत काय उरते, त्याचे काय करतात, ते विचारून पाच वाक्ये लिहा.