अगरबत्तीचा सुवास आणि सातपुड्यातील सालई

देवघरात रोज लागणाऱ्या अगरबत्तीतील बहुतेक जिन्नस रानातले आहेत. बांबूची काडी, कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा आणि हे सर्व काडीवर धरून ठेवणारी जिगट, म्हणजे मैदालकडीच्या सालीची भुकटी. मसाला अगरबत्तीत सुवासासाठी नागरमोथा, कापूरकचरी, राळ व धूप घालतात. नंदुरबार जिल्ह्यातील बांधवांच्या हाताशी असलेला धूप म्हणजे सालईचा डिंक.

सालईची ओळख

सालई सातपुड्याच्या मुरमाड, खडकाळ उतारांवर वाढते. तिच्या सालीतून सोनेरी, चिकट डिंक पाझरतो. त्यात डिंक, राळ व सुगंधी तेल असे तीन घटक असतात. त्याला ‘सालई गुग्गुळ’ म्हणत असले तरी खरा गुग्गुळ वेगळा. तो राजस्थान व कच्छकडील काटेरी झुडपापासून मिळतो. बेसुमार खाचा पाडल्याने ते झुडूप आज नामशेष होण्याच्या वाटेवर आहे. सालईवर ही पाळी येऊ देऊ नये.

डिंक कसा घ्यावा?

१. लहान झाडांना खाच पाडू नये. खोडाचा घेर सुमारे ९० सें.मी. झालेलीच झाडे निवडावीत.

२. हंगाम नोव्हेंबरपासून पावसाळ्यापूर्वीपर्यंत धरावा.

३. धारदार हत्याराने फक्त वरची साल तासावी. आतील लाकडाला इजा झाल्यास जखम भरत नाही, कीड व बुरशी शिरते.

४. खोडाभोवती गोल साल काढू नये, झाड वाळते.

५. काही वर्षे डिंक घेतल्यावर झाडाला विश्रांती द्यावी.

मोठे झाड वर्षाला साधारण एक किलो डिंक देते. खोल घाव घातल्याने एखादा हंगाम जास्त मिळेल, पण पुढचे झाडच जाईल. पूर्व आफ्रिकेतील इरिट्रियात सालईच्या जवळच्या नात्यातील धूपवृक्षांचा अभ्यास झाला. तेथे सतत खाचा पाडलेल्या झाडांच्या बियांची उगवण फार कमी आढळली. म्हणजे नवी पिढीही थांबते.

विक्री व हक्क

साल, माती व काडीकचरा काढून रंगाप्रमाणे प्रतवारी करावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी व पारंपरिक वननिवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क दिला आहे. म्हणून कोणती झाडे घ्यायची व कोणती राखायची, हे ग्रामसभेत ठरवावे. सालईच्या फांद्या लावूनही रोपे तयार होतात. पावसाळ्याच्या तोंडावर बांधावर काही फांद्या जरूर लावून पाहाव्यात.