गांबियांतील गोट्या आणि शेजाऱ्यांचा शब्द

निवडणुकींत हरलेला राज्यकर्ता खुर्ची सोडीत नसेल, तर परराष्ट्रांनीं काय करावें? विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नाचा विचार आपण एका लहानशा देशाच्या उदाहरणानें करूं.

पश्चिम आफ्रिकेच्या नकाशांत गांबिया नदीच्या दोन्ही तीरांस धरून एक अरुंद पट्टी दिसते. तोच गांबिया देश. तीन बाजूंस सेनेगल, चौथीस अटलांटिक महासागर. तेथील मतदानाची रीत बालवाचकांस मौजेची वाटेल. प्रत्येक उमेदवाराचें एक रंगीत पत्र्याचें पिंप असतें. मतदारानें त्यांत कांचेची एक गोटी टाकावयाची; ती पडतांच आंत घंटा वाजते. घंटा दोनदां वाजली कीं लबाडी उघडकीस आलीच! निरक्षर मतदारांच्या सोयीसाठीं काढलेली ही युक्ति आम्हांस तरी मोठी शहाणपणाची वाटते.

१९९४ सालीं लष्करी उठाव करून सत्तेवर आलेले याह्या जामे हे १ डिसेंबर २०१६ च्या निवडणुकींत अदामा बॅरो यांच्याकडून पराभूत झाले. दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं पराभव मान्य केला. पुढें निवडणूक मंडळानें बेरजेंतील चूक सुधारली, तेव्हां दोघांमधील अंतर सुमारें १९ हजार मतांवर आलें. विजयी मात्र बॅरोच राहिले. तेवढें निमित्त धरून ९ डिसेंबरला जामे यांनीं निकाल नाकारला. तक्रार करण्याचा हक्क हरलेल्यासही असतो, हें खरें. परंतु दाद मागावी तर सर्वोच्च न्यायालयांत पुरेसे न्यायाधीशच नव्हते!

दूरच्या राष्ट्रांनीं निषेध केला. खरें वजन पडलें तें शेजाऱ्यांचें. १३ डिसेंबरला लायबेरिया, नायजेरिया, सिएरा लिओन व घाना यांचे राष्ट्राध्यक्ष समजूत घालण्यास आले. त्यांपैकीं घानाचे महामा हे त्याच आठवड्यांत स्वतः निवडणूक हरले होते व त्यांनीं तें निमूटपणें मान्य केलें होतें. त्यांच्या तोंडीं तो उपदेश शोभला. तरी जामे बधले नाहींत.

मग आफ्रिकी संघानें जाहीर केलें कीं, १९ जानेवारी २०१७ पासून आपण जामे यांस राष्ट्राध्यक्ष मानणार नाहीं. ही 'मान्यता' वरवर कागदी दिसते, परंतु सर्व प्रकरणाची किल्ली तीच होय. परक्या सैन्यानें सीमा ओलांडणें म्हणजे आक्रमण. पण त्या देशाच्या खऱ्या राष्ट्राध्यक्षानेंच बोलाविलें असेल तर तें साह्य ठरतें. म्हणून खरा राष्ट्राध्यक्ष कोण, हें आधीं ठरावें लागतें. बॅरो यांनीं १९ जानेवारीस सेनेगलची राजधानी डकार येथील गांबियाच्या वकिलातींत शपथ घेतली व साह्य मागितलें. त्याच दिवशीं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनें शेजाऱ्यांच्या प्रयत्नांस एकमतानें पाठिंबा दिला. मात्र प्रथम राजकीय उपाय योजावेत असें सांगितलें, आणि बळाच्या वापरास स्पष्ट शब्दांत परवानगी दिली नाहीं.

सेनेगलच्या नेतृत्वाखालील सैन्य आंत शिरलें, पण बोलणीं चालावींत म्हणून थांबलें. गिनी व मॉरिटानिया यांच्या राष्ट्राध्यक्षांनीं जामे यांचें मन वळविलें, आणि २१ जानेवारीस ते देश सोडून गेले. त्यापूर्वींच हजारों लोक, त्यांत पुष्कळ मुलें, भयानें सेनेगलमध्यें पळालीं होतीं.

लढाई टळली, पण ज्यांचे आप्त जामे यांच्या राजवटींत मारले गेले त्यांस हा निरोप गोड वाटला नसेल. पुढें गांबियाच्या सत्यशोधन आयोगानें २०२१ मध्यें जामे यांच्यावर खटला चालवावा अशी शिफारस केली. तेव्हां ते इक्वेटोरिअल गिनींत आश्रयास होते.